नव्या संगणकातील दोष आणि ग्राहकाची दाद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी धर्म, संस्कार आणि दान या विषयांवर विवेचन व्हावे हे स्वाभाविकच आहे. त्या पंक्तीत बिघडलेल्या संगणकाचा विषय काहीसा उपरा वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत समाजाच्या दानाचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी दाता धर्मशाळेची खोली बांधून देई, भांडी देई, सतरंज्या देई. आता वसतिगृहाला, वाचनालयाला, पाठशाळेला संगणक दिला जातो. समारंभ होतो, श्रीफळ वाढवले जाते, दात्याच्या नावाची पट्टी यंत्रावर चिकटवली जाते. आणि तिसऱ्या महिन्यात ते यंत्र बंद पडून कपाटाशेजारी कापड पांघरून बसते. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. कंपनी म्हणते, नागपूरच्या केंद्रात आणा. नागपूरचे केंद्र म्हणते, सुटा भाग मागवला आहे. दात्याला कसे सांगावे या संकोचाने विश्वस्त गप्प राहतात आणि वर्ष उलटून वॉरंटी संपते. असा एक तरी संगणक ज्या संस्थेत नाही अशी संस्था विरळा.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत या संकटाला अंतराची जोड मिळते. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला, तो अरण्यप्रदेश लोकांच्या दारापर्यंत शासन पोहोचावे म्हणून. तरीही सिरोंच्याहून गडचिरोली गाठायची तर दोनशे किलोमीटरांहून अधिक प्रवास पडतो आणि तेथून नागपूर आणखी पावणेदोनशे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद होतो. अशा गावी राहणाऱ्या माणसाने पस्तीस-चाळीस हजारांचा संगणक नागपुरात घेतला आणि तो बिघडला, तर दोनदा नेण्या-आणण्यातच भाडे, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब यंत्राच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. ‘जाऊ द्या, नशीब’ असे म्हणून माणूस सोडून देतो तो आळसाने नव्हे. त्याने मनातल्या मनात जमाखर्च मांडलेला असतो आणि तो तोट्याचा निघालेला असतो.

हा जमाखर्च पूर्वी खराही होता. आता तो तसा राहिलेला नाही, ही गोष्ट मात्र फारशी कोणी ध्यानात घेतलेली दिसत नाही.

ग्राहकाच्या हक्कांचा विचार या देशात पुष्कळ उशिरा कायद्यात उतरला. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी १५ मार्च १९६२ रोजी तेथील संसदेला पाठविलेल्या संदेशात ग्राहकाचे हक्क उच्चारले, संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. महाराष्ट्राला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही, की त्याच्याही आधी, १९७४ मध्ये, बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य उभे केले होते आणि पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. २४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली. तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. या अधिनियमाने जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. साध्या माणसाला वकिलाविना, दिवाणी न्यायालयाच्या मुद्रांक शुल्काविना उभे राहता येईल असे ते ठिकाण होते.

परंतु त्या अधिनियमात वनवासी जिल्ह्यांच्या दृष्टीने एक उणीव होती. तक्रार कोठे करावी, तर जेथे विकणारा राहतो किंवा व्यवसाय करतो, अथवा जेथे तक्रारीचे कारण घडले, तेथे. संगणक नागपुरात घेतला, बिल नागपूरचे, दुकानदार नागपूरचा. मग तक्रारही बहुधा नागपूरलाच. गडचिरोलीत मंच होता, पण अहेरीच्या ग्राहकाला त्याचा उपयोग होईलच असे नव्हते. दार जवळ आणि कुलूप दूर, अशातला प्रकार.

२० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ याने हे कुलूप काढले. या अधिनियमाच्या कलम ३४ नुसार तक्रारदार स्वतः जेथे राहतो किंवा जेथे व्यक्तिशः उपजीविकेसाठी काम करतो, त्या जिल्ह्याच्या आयोगातही तक्रार दाखल करता येते. मंचाचे नाव आता ‘जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग’ असे झाले आहे. चंद्रपुरात तो आहे, गडचिरोलीतही आहे. संगणक नागपूरचा असो, पुण्याचा असो वा घरबसल्या मागवलेला असो, विकणाऱ्याने गडचिरोलीस यावे, ग्राहकाने त्याच्या गावी जाण्याचे कारण नाही. त्याशिवाय दूरदृश्य प्रणालीने सुनावणी व्हावी असा अर्ज करण्याची मुभा याच अधिनियमात दिली आहे. सिरोंच्याच्या माणसाला दोनशे किलोमीटरही प्रत्येक तारखेस तोडावे लागू नयेत, अशी ती तरतूद आहे. आणि शुल्क? मोबदल्याची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात एक रुपयाही शुल्क नाही. संगणकाच्या बहुतेक सर्व तक्रारी या मर्यादेच्या आतच बसतात.

दार उघडले, पण त्या दारातून आत कोणाला घेतात, हा पुढचा आणि अधिक अवघड प्रश्न आहे. व्यापारी समाजाने तो नीट समजून घेणे अगत्याचे आहे, कारण येथेच पुष्कळांचा पाय घसरतो.

अधिनियमाच्या भाषेत विकत घेणारा प्रत्येक माणूस ‘ग्राहक’ नाही. पुनर्विक्रीसाठी किंवा ‘वाणिज्यिक प्रयोजनासाठी’ वस्तू घेणारा ग्राहक ठरत नाही. घरातील मुलीच्या शिक्षणासाठी घेतलेला संगणक निःशंकपणे ग्राहकाचा आहे. पण टंकलेखनाचे दुकान चालवणाऱ्या तरुणाचे काय? फॉर्म भरून देणाऱ्या, दाखले काढून देणाऱ्या, लग्नपत्रिका जुळवणाऱ्या मुलाने कर्ज काढून घेतलेल्या संगणकाचे काय? २००० नंतरच्या दशकात एमएस-सीआयटीचे वर्ग तालुक्याच्या गावी पोहोचले आणि त्यांतून बाहेर पडलेल्या कितीतरी मुलांनी एका संगणकावर आपला संसार उभा केला. त्यांचे यंत्र बिघडले तर त्यांना व्यापारी समजून परत पाठवायचे काय?

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ एप्रिल १९९५ रोजी दिले. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स नावाच्या व्यवसायसंस्थेने कोइमतूरच्या एका उत्पादकाकडून संगणकनियंत्रित लेथ यंत्र मागवले. व्यवसाय महाराष्ट्र शासनाच्या बेरोजगारांसाठीच्या योजनेखाली उभा राहिलेला, यंत्राची किंमत एकवीस लाख. यंत्र उशिरा आले, सदोष निघाले, अशी तक्रार होती. महाराष्ट्राच्या राज्य आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने कौल दिला, राष्ट्रीय आयोगाने तो फिरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही यंत्राचे स्वरूप व त्याची क्षमता पाहून ही खरेदी स्वतःच्या हाताने पोट भरण्यापुरती नव्हती असे ठरवले. तक्रारदार हरला. परंतु हरलेल्या त्या प्रकरणात न्यायालयाने जो नियम सांगितला, तो लहान माणसाचे रक्षण करणारा आहे. न्यायालयाने उदाहरण घेतले ते टंकलेखन यंत्राचे. दुसऱ्याचे काम पैसे घेऊन टंकलिखित करण्यासाठी कोणी यंत्र घेतले तर तो वापर वाणिज्यिकच. तथापि तो माणूस स्वतः ते यंत्र चालवून स्वयंरोजगाराने आपला चरितार्थ चालवत असेल, तर तो ग्राहकच राहतो. हाताखाली एक-दोन मदतनीस घेतले म्हणूनही त्याचे ग्राहकपण जात नाही. टंकलेखन यंत्राच्या जागी संगणक वाचावा. नियम आजही तोच आहे, नव्या अधिनियमातही तो स्पष्टीकरण म्हणून आलेला आहे. २०१८ मध्ये दोन बेरोजगार पदवीधरांनी छायाचित्रे छापण्याच्या यंत्राबद्दल केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयाने याच न्यायाने ग्राह्य धरली.

यातून एक सावधगिरी निघते. असा तरुण तक्रार करतो तेव्हा त्याच्या अर्जात ‘हे यंत्र तक्रारदार स्वतः चालवतो व त्याच्या कुटुंबाचा चरितार्थ त्यावरच चालतो’ हे वाक्य स्पष्ट असले पाहिजे. कित्येक अर्जांत रागाचे चार परिच्छेद असतात आणि हे एक वाक्य नसते.

उलट बाजूने पाहता, पेढीवाल्यांची एक सवय त्यांच्याच अंगलट येते. घरी मुलासाठी संगणक घ्यायचा. पण जीएसटीचा परतावा मिळावा म्हणून बिल दुकानाच्या नावे आणि दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घ्यायचे. चार-सहा हजारांची वजावट मिळते, हे खरे. मग यंत्र बिघडले की तक्रार घरगुती ग्राहक म्हणून करायची! विरुद्ध पक्षाचा वकील पहिल्याच तारखेस ते बिल पुढे करतो. वहीत एक आणि अर्जात एक असे चालत नाही. जे दोन्हीकडे खायला बघतात त्यांना कायदा उपाशी ठेवतो, आणि ते योग्यच आहे.

आता संस्थेकडे वळू. ट्रस्टने घेतलेल्या संगणकाबद्दल ट्रस्टला ग्राहक आयोगाकडे जाता येते काय? हा प्रश्न ऐकायला किरकोळ वाटतो. विश्वस्तांना मात्र तो फार जवळचा आहे. ७ मार्च २०१७ रोजी प्रतिभा प्रतिष्ठान या मुंबईच्या ट्रस्टच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ च्या अधिनियमाखाली असा निर्णय दिला, की ट्रस्ट ही त्या अधिनियमातील व्याख्येनुसार ‘व्यक्ती’ नाही, म्हणून तो ‘ग्राहक’ही नाही, म्हणून त्याला तक्रारच करता येत नाही. समाजाच्या पैशाने चालणाऱ्या संस्थेला सर्वांत स्वस्त न्यायाचे दार अशा रीतीने बंद झाले. पुढे १४ नोव्हेंबर २०१९ रोजी लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने परिचारिकांच्या निवासासाठी ट्रस्टने घेतलेल्या सदनिका हे वाणिज्यिक प्रयोजन नव्हे असे ठरवले. खरेदीमागचा प्रमुख हेतू काय आणि तिचा नफा कमावण्याशी थेट संबंध आहे की नाही, हे पाहावे, असे सूत्र त्यात सांगितले. नव्या अधिनियमातील ‘व्यक्ती’ची व्याख्या जुन्यापेक्षा विस्तृत आहे, तीत व्यक्तिसमूह आणि अन्य कृत्रिम विधिव्यक्ती यांचाही समावेश केलेला आहे. त्यामुळे २०२० नंतरच्या तक्रारीत ट्रस्टला आपली बाजू मांडण्यास जागा आहे. तरीही २०१७ चा निर्णय समोरून पुढे केला जाईल हे गृहीत धरूनच जाणकार वकिलाच्या सल्ल्याने पाऊल टाकावे.

आयोगाचे दार उघडले नाही तरी विश्वस्त निराधार होत नाहीत. वस्तुविक्री अधिनियम १९३० पासून आहे. विकलेली वस्तू खरेदीदाराने सांगितलेल्या कामास योग्य असली पाहिजे आणि बाजारात खपण्याजोग्या दर्जाची असली पाहिजे, हे त्या अधिनियमाच्या कलम १६ ने विशिष्ट परिस्थितीत गृहीतच धरले आहे. हमीचा भंग झाला तर किमतीतून वजावट वा नुकसानभरपाई मागता येते. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे. तेथे वेळ लागतो, शुल्क लागते. म्हणून एकट्या संगणकासाठी कोणी जात नाही. पण वसतिगृहासाठी दहा संगणक एकदम घेतले असतील तर गोष्ट वेगळी होते, आणि ‘आम्ही दिवाणी दावा करू’ हे पत्र विश्वस्तांच्या ठरावाच्या प्रतीसह गेले म्हणजे पुष्कळदा दाव्याची वेळच येत नाही.

सर्वांत सोपा उपाय मात्र खरेदीच्या दिवशीचा आहे. ट्रस्टच्या डेडस्टॉक रजिस्टरात ‘संगणक एक नग, देणगी’ एवढीच नोंद असते. त्या ओळीत यंत्राचा अनुक्रमांक, बिल क्रमांक, तारीख, दुकानाचे नाव आणि वॉरंटी कोणत्या दिवशी संपते, एवढे लिहिले तर पाच मिनिटे जातात. दात्याने स्वतः विकत घेऊन यंत्र दिले असेल तर मूळ बिल दात्याच्या घरी राहते, संस्थेकडे यंत्र राहते, आणि बिघाडाच्या दिवशी एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही. ज्याने मोबदला दिला तो ग्राहक. त्याच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यालाही कायदा ग्राहक मानतो. म्हणून यंत्र स्वीकारताना बिलाची प्रत आणि वापरास संमती देणारे दोन ओळींचे पत्र घेऊन ठेवावे. दात्याला त्यात अपमान वाटत नाही. नीट सांगितले तर उलट समाधानच वाटते.

बिलाची गोष्ट निघाली म्हणून थोडे अधिक. संगणक दोन प्रकारे विकत मिळतो. एक, कंपनीचा तयार. दुसरा, दुकानदाराने सुटे भाग जुळवून दिलेला, ज्याला ‘असेंबल’ म्हणतात. तयार यंत्राची वॉरंटी सगळ्या यंत्राची एकत्र असते. जुळवलेल्या यंत्रात मदरबोर्डची वॉरंटी वेगळी, रॅमची वेगळी, हार्ड डिस्कची वेगळी, वीजपुरवठा करणाऱ्या एसएमपीएसची वेगळी. बिलावर ‘एक संगणक संच’ असे मोघम लिहिलेले असेल तर आत बसवलेला भाग तोच होता की मध्येच बदलला, हे सिद्ध करणे दुरापास्त होते. प्रत्येक भागाचे नाव व अनुक्रमांक बिलावर हवेत. कच्च्या बिलावर दोन हजार वाचतात, असे सांगणारे दुकान जवळचेच असते आणि सांगणारा बहुधा ओळखीचा असतो. पण कच्चे बिल म्हणजे भिंतीवर खडूने लिहिलेली उधारी.

वॉरंटीच्या शर्तींचे बारीक अक्षर वाचण्याची प्रथा नाही, ती पडली पाहिजे. ‘ऑनसाइट’ म्हणजे कारागीर घरी येणार, ‘कॅरी-इन’ म्हणजे यंत्र केंद्रावर न्यावे लागणार. ऑनसाइट असली तरी सेवाकेंद्रापासून किती अंतरापर्यंत, ही मर्यादा शर्तीत असू शकते. एटापल्ली किंवा कोरची येथे राहणाऱ्याने पैसे देण्यापूर्वी हे लेखी विचारावे. हार्ड डिस्क बदलून मिळते, तिच्यातील मजकूर मिळत नाही. संस्थेची सभासद यादी, वसतिगृहाचे हिशेब एकाच डिस्कवर ठेवून निर्धास्त राहणाऱ्यांना कोणताही आयोग ती परत आणून देऊ शकत नाही.

या भागात कंपन्यांचे सर्वांत आवडते कारण म्हणजे विजेचा दाब. ‘व्होल्टेज कमी-जास्त झाल्याने यंत्र जळाले, हा उत्पादन दोष नाही’ असा शेरा मारला की वॉरंटी संपली. ज्या जिल्ह्यातील औष्णिक केंद्राची वीज राज्यभर जाते, त्याच्याच भोवतालच्या खेड्यांत दिव्याची ज्योत थरथरते, हे दैवाचे चमत्कारिक गणित आहे. उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्याचाही दोष ग्राहकाच्या माथी मारला जातो. यावर उपाय तक्रारीनंतरचा नाही, आधीचा आहे: संगणकाबरोबर यूपीएसचे बिल ठेवावे, परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग तपासून त्याचा दिनांकित दाखला घ्यावा. शंभर-दोनशे रुपयांचा तो कागद पुढे वकिलाच्या युक्तिवादापेक्षा जड ठरू शकतो.

बिघाड झाल्यावर फोनवर भांडू नये. फोनचे शब्द हवेत जातात. सेवाकेंद्रात यंत्र देताना प्रत्येक वेळी जॉबशीट घ्यावे आणि त्यावर बिघाड काय तो ग्राहकाच्या शब्दांत लिहून घ्यावा. एकाच बिघाडासाठी तीन जॉबशीटे झाली की दोष मूळचा असल्याचे सांगायला फारसे तज्ज्ञ लागत नाहीत. आवश्यक तेथे आयोग यंत्र योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीसाठी पाठवू शकतो. ते शुल्क मात्र आधी तक्रारदाराला भरावे लागते. म्हणून स्वतंत्र जाणकाराचा लेखी अहवाल जोडलेला बरा. आणि बंद पडलेले यंत्र रागाच्या भरात गल्लीतल्या ओळखीच्या मुलाकडून उघडून घेऊ नये. सील तुटले की अर्धी तक्रार तेथेच संपते.

आता काउंटरच्या पलीकडची बाजू. या सभेतील निम्म्याहून अधिक कुटुंबे विकणारी आहेत, घेणारी नंतर. कापड असो, भांडी असोत वा विजेची उपकरणे, पुष्कळ दुकानांच्या बिलावर अजूनही छापलेले असते, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. नव्या अधिनियमाने यावर स्पष्ट उत्तर दिले आहे. बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत सांगितली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा आहे. छापलेली ओळ या कलमापुढे टिकत नाही. आवड बदलली म्हणून साडी परत आणणाऱ्याची गोष्ट निराळी. येथे प्रश्न सदोष मालाचा आहे.

‘कंपनीशी बोला’ हे उत्तर विकणाऱ्याला शोभत नाही, हे कापडवाल्याला तरी समजावून सांगावे लागू नये. गोल बाजारातील दुकानात ताग्याच्या मधोमध धागा तुटलेला निघाला, तर गिऱ्हाईक सुरतेला जात नाही. दुकानदार मीटर बदलून देतो, तागा आडत्यामार्फत गिरणीकडे परत करतो, आणि गिरणीशी जे भांडायचे ते स्वतः भांडतो. कारण गिऱ्हाइकाने पैसे गिरणीला दिलेले नसतात. संगणकाचे तसेच आहे. करार दुकानदाराशी झालेला असतो. आयोगापुढे तक्रार करताना विक्रेता, सेवाकेंद्र आणि उत्पादक या तिघांनाही पक्ष केले जाते ते याचसाठी, आणि आदेशही अनेकदा त्यांच्याविरुद्ध संयुक्तपणे होतो. ज्या विक्रेत्याने आपल्या खरेदीच्या बिलावर तोच अनुक्रमांक जपून ठेवला आहे आणि ग्राहकाची तक्रार त्याच दिवशी लेखी पुढे पाठवली आहे, त्याला भिण्याचे कारण नाही. ज्याने ग्राहकाचे तीन फोन उचलले नाहीत, त्याला आहे.

लहान गावात सगळे एकमेकांना ओळखतात. व्याही दुकानदार, शेजारी ग्राहक. म्हणून कित्येकजण तक्रार करीत नाहीत. नव्या अधिनियमाने आयोगाला जोडून मध्यस्थीची सोय केली आहे, दोन्ही पक्षांच्या संमतीने तेथे तोडगा निघतो आणि संबंध तुटत नाहीत. पंचासमोर बसून वाद मिटवण्याची ही रीत व्यापारी समाजाला परकी नाही.

तक्रारीची वाट आता थोडक्यात. प्रथम विक्रेता व कंपनी यांना लेखी नोटीस, पोहोच पावतीसह. रजिस्टर्ड पोस्टाची स्वतंत्र सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, हे टपालघरात गेल्यावर कळून चकित होऊ नये. घरबसल्या मागवलेल्या यंत्राबाबत २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार त्या संस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने अठ्ठेचाळीस तासांत पोच आणि एक महिन्यात निवारण द्यावयाचे असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तेथे पुष्कळ प्रकरणे खटल्याविना मिटतात. एवढ्यावर भागले नाही तर कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात तक्रार. ती समक्ष देता येते, तसेच ऑनलाइनही. पूर्वी त्यासाठी ई-दाखिल ही सोय होती, १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती आली आहे. वकील हवाच असे नाही. मागणी करताना दोष दूर करणे, यंत्र बदलणे, किंमत परत, आणि मानसिक त्रास व खर्च, असे क्रमाने मागावे. चाळीस हजारांच्या यंत्रासाठी दहा लाखांची भरपाई मागणारा अर्ज स्वतःचेच वजन कमी करतो.

विरुद्ध पक्षाने उत्तर तीस दिवसांत द्यावे, आयोगाने फार तर आणखी पंधरा दिवस वाढवावेत. त्यापुढे एक दिवसही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी जुन्या अधिनियमातील तशाच तरतुदीबद्दल सांगितले आहे. निकाल तीन महिन्यांत आणि प्रयोगशाळेची तपासणी लागली तर पाच महिन्यांत लागावा, असे अधिनियम म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा अधिक काळ जातो, हे लपवण्यात अर्थ नाही. आदेश झाल्यावर पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा पंचवीस हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. अपील पंचेचाळीस दिवसांत राज्य आयोगाकडे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या प्रकरणांसाठी त्याचे खंडपीठ नागपुरात बसते, आणि ज्याच्याविरुद्ध रकमेचा आदेश झाला आहे त्याला आधी निम्मी रक्कम भरल्याशिवाय अपील करता येत नाही.